टाउफेनाखच्या बोडक्या गाई

टाउफेनाखला खेडं म्हटलेलं तिथल्या माणसांना खपत नाही. शहर म्हणाल तर ती लाजतील, पण खेडं म्हणालात तर पुढच्या वेळी तिथल्या खानावळीत तुमचं सूप गार येईल. टाउफेनाख हे बाजारगाव आहे. सातशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदाराने त्याला दर गुरुवारी बाजार भरवायचा हक्क दिला आणि त्या एका कागदावर गाव आजतागायत ताठ मानेने उभं आहे. बाजार मात्र आता चीजच्या एका गाडीपुरता आणि भाजलेल्या कोंबड्यांच्या एका टेम्पोपुरता उरलाय. त्यातही कोंबडीवाला पलीकडच्या उंटरमोसचा. उंटरमोसला हक्कबिक्क काही नाही, ते खेडं आहे, आणि हे टाउफेनाखची माणसं कोंबडी बांधून घेताना त्याला न चुकता सांगतात.

या गावाचा इतिहास एगिड पेर्वांगर मास्तरांनी लिहिला. लिहिला म्हणजे खरोखरच लिहिला. तरुणपणी शाळेत शिकवत असताना तेव्हाच्या मेयरने त्यांना बोलावलं आणि पाहुण्यांसाठी माहितीपत्रक काढायचंय, गावाच्या इतिहासाची दोन पानं द्या, असं फर्मावलं. मास्तरांनी नगरपालिकेच्या माळ्यावरच्या पेटाऱ्या आठवडाभर उपसल्या. हाती आलं ते असं: हक्क मिळाला, गाव जळलं, पुन्हा बांधलं, पुन्हा जळलं, बाजार भरत राहिला. साडेतीन ओळी.

"मास्तर, उंटरमोसवाल्यांनी चार पानं छापलीत," मेयर एवढंच म्हणाला, आणि तेवढं पुरलं.

चौकात दुधाचे कॅन चढवायचा एक चपटा दगड होता. त्या दगडावर एक सम्राट बसला आणि गावच्या चांभाराने त्याच्या जोड्याला टाका घातला. कुठला सम्राट ते मास्तरांनी लिहिलं नाही, कारण इतिहासकाराने सावध असावं. अग्निशमन दलाचा पाण्याचे पाईप टांगून वाळवायचा उंच मनोरा होता, तो चेटकिणीचा बुरुज झाला. प्लेगमध्ये गेलेल्यांच्या स्मरणार्थ उभारतात तो प्लेगचा स्तंभ तेवढा खराखुरा होता, पण प्लेग गावात कधी आलाच नव्हता. गावकऱ्यांनी हौसेने आधीच स्तंभ घडवून ठेवला होता आणि प्लेग मेला उंटरमोसलाच थांबला. ही गोष्ट जरा नामुष्कीची होती. मास्तरांनी टाउफेनाखला एकशे बारा मृत्यू बहाल केले.

लाज वाटायची का? पहिली काही वर्षं वाटली. मग पाहुणे दगडावर बसून फोटो काढू लागले, चेटकिणीच्या नावाने काळी बिअर निघाली, आणि मास्तर आता ऐंशीच्या घरात आले तरी रस्त्यात लोकांचे टोपी काढून केलेले नमस्कार घेत होते. एकाच गोष्टीला त्यांनी कधी हात लावला नव्हता, ती म्हणजे गाई उतरण्याची रीत.

जूनमध्ये गाई उंचावरच्या कुरणात जातात आणि सप्टेंबरात खाली येतात. उन्हाळा सुखरूप गेला असेल, एकही जनावर दगावलं नसेल, घरातलं माणूस गेलं नसेल, तर गाईंच्या डोक्यावर मुकुट चढतात. देवदाराच्या फांद्या, कागदी गुलाब, आणि मधोमध दृष्ट लागू नये म्हणून छोटासा आरसा. पण एक जरी गेलं, तरी सगळ्या गाई बोडक्या येतात, गळ्यातल्या घंटांमध्ये गवत कोंबलेलं असतं, आणि रस्त्यावरची माणसं टोप्या काढतात. माहितीपत्रकात मास्तरांनी याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. त्यात भर घालायची त्यांना कधी गरजच वाटली नव्हती.

आता गावात खरोखर वर जाणारा कळप एकच उरला होता, बुर्गल नावाच्या बाईचा. बाकीच्यांच्या गाई बारा महिने गोठ्यात पंख्याखाली उभ्या असतात. 'सांबर' खानावळीचा मालक उत्सवाच्या सकाळी आपल्या सहा गाई सजवून ट्रकने अग्निशमन दलाच्या मागे आणून सोडायचा आणि तिथून त्या जणू हिमशिखरांवरून उतरल्यासारख्या चौकात यायच्या. त्यातली एक तर बँड सुरू झाला की रस्त्यावर बसकण मारायची. त्यामुळे बुर्गलच्या अठ्ठावीस गाई म्हणजे टाउफेनाखचा सगळा मान होता, आणि ते बाजारहक्काचं सातशेवं वर्ष होतं.

ऑगस्टच्या एकोणिसाव्या दिवशी वादळात वीज कडाडली, कळप बुजला, आणि कळपाची पुढारी गाय हर्मिने घळीत कोसळून मेली.

दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेत बैठक बसली. मेयर कायेटान श्टुकलर, पर्यटन मंडळाच्या रोस्विता लाडुर्नरबाई आणि मास्तर. मेयर मास्तरांच्या हाताखाली शिकलेला होता, भूगोलात कायम नापास. त्याने आज मात्र टेबलभर नकाशा पसरला होता.

"मेली नेमकी कुठे?"

"घळीत," मास्तर म्हणाले.

"ते कळलं. पण घळीच्या कुठल्या बाजूला? हे बघा, ओढ्याच्या पलीकडचा काठ उंटरमोसच्या हद्दीत येतो. म्हणजे पाय घसरला आपल्याकडे, पण जीव गेला त्यांच्याकडे. मग शोक त्यांनी करावा! त्यांच्या गाई बोडक्या आणा म्हणावं!"

"उंटरमोसला गाई नाहीत, कायेटान. त्यांच्याकडे कोंबड्या आहेत."

"मला असं वाटतं," लाडुर्नरबाई म्हणाल्या. त्या राजधानीत शिकून आल्या होत्या आणि रागावल्या तरी हसतच बोलायच्या. "आपण सगळे एका मेलेल्या गाईबद्दलच बोलतोय. सत्तावीस गाई जिवंत आहेत. आपण जिवंत गाईंचा विचार का करत नाही?"

"बघा!" मेयर टेबलावर थाप मारून म्हणाला. "मास्तर, चौदा बसगाड्या येणार आहेत. बँड आहे, राज्याच्या मंत्रीणबाई येणार आहेत. त्यांना काय गाईंची बोडकी डोकी दाखवू? बुर्गलला मी फोन केला. नाहीच म्हणाली. पण मग म्हणाली, 'माझ्या आईने सांगितलं तेवढंच मला माहीत. मास्तरांना सातशे वर्षांचं माहीत. एका गाईसाठी मुकुट अडवायचे नाहीत असं कुठे जुन्या कागदात असेल, तर मास्तरांनी येऊन माझ्या तोंडावर वाचावं. मग मी बांधते.'"

मास्तर नकाशाकडे बघत बसले.

"असेल ना असा कागद?" मेयरने आवाज खाली आणला. "तुमच्याकडे... नेहमी असतो."

तो 'नेहमी' मास्तरांना टोचला. आपल्या माघारी गाव काय समजतं याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. पण चौदा बसगाड्या म्हणजे हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्याने हो म्हटलंय त्याला नाही म्हणायची सवय उरत नाही. ते बघतो म्हणाले.

तो कागद तयार करायला त्यांना पाऊण तास लागला, त्यातली चाळीस मिनिटं चष्मा शोधण्यात गेली. 'एकच गाय दगावली असता, आणि तीही हयगयीने नव्हे तर दैवगतीने, उरलेल्या गाईंस मुकुट घालण्यास हरकत नसावी, असे बाजारगावच्या पंचांनी एकमताने ठरविले.' खाली जुनं साल, पंचांची सहा नावं. त्यातला एक पंच त्यांनी अंगठेबहाद्दर ठेवला, म्हणजे कोणी शंका घेणार नाही. वाचून बघितलं तेव्हा तो इतका अस्सल वाटला की हा आपण पूर्वी कुठेतरी पाहिलाय असं क्षणभर त्यांनाच वाटलं.

अग्निशमन दलाच्या जीपने त्यांना कुरणाच्या फाटकापर्यंत सोडलं. पुढची अर्ध्या तासाची चढण ते काठी टेकत, दर वळणावर थांबत चढले. बुर्गल झोपडीच्या दारात दुधाची भांडी घासत होती. एकसष्ट वर्षांची, उन्हाने रापलेली, बाह्या वर सारलेल्या. मास्तरांना बघून तिने हात पुसले.

"अगं बाई! मास्तर, तुम्ही स्वतः आलात? बसा, बसा. ताक घेणार की नासपतीची दारू?"

"ताकच दे."

"ताक? म्हणजे काम सरकारी दिसतंय."

आत भिंतीवर हर्मिनेची मोठी घंटा टांगली होती. पट्टा पुसून तेल लावून ठेवला होता. बुर्गलने मास्तरांची नजर पाहिली.

"तेरा वर्षं माझ्यापुढे चालली हो. मी वाट कधी बघितलीच नाही. तिच्या पाठीकडे बघत बघत खाली यायचं, बस. आता यंदा उतरताना कुणाच्या पाठीकडे बघू?" मग ती एकदम कामाला लागल्यासारखी म्हणाली, "मुकुट तयार आहेत. जूनपासून करतेय. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वर टांगलेत. तिचा सोडवायला हात होत नाही, म्हणून तोही तसाच आहे. तुम्ही म्हणाल तर सत्तावीस बांधते. मला काय, मलाही आवडेल. सगळा उन्हाळा कागदी गुलाब करण्यात गेलाय."

मास्तरांनी खिशातून कागद काढला. बुर्गलने डोक्याचा रुमाल सोडून नीट बांधला, टेबलासमोर बसली, दोन्ही हात एकावर एक ठेवले आणि पाठ ताठ केली. पहिलीच्या वर्गात ती अगदी अशीच बसायची. बाकीची पोरं खिडकीबाहेर बघायची, आणि ही मास्तरांच्या तोंडाकडे. जे ऐकेल ते खरंच असणार अशा नजरेने.

"वाचा," ती म्हणाली.

"'एकच गाय दगावली असता...'" मास्तरांनी सुरुवात केली. "'आणि तीही...'"

पुढचं त्यांच्या तोंडातून बाहेर पडेना. त्यांनी ताकाचा घोट घेतला, पुन्हा कागद वर धरला, आणि मग खाली ठेवला.

"बुर्गल, हे मी काल लिहिलं."

"म्हणजे जुन्या कागदावरून उतरवून घेतलंत."

"नाही गं. लिहिलं. जुना कागद नाहीच."

बाहेर एक गाय खाकरल्यासारखी हंबरली.

"मग सम्राटाचा दगड?"

"तोही मीच."

"मास्तर, त्या दगडावर बसून माझ्या लग्नाचा फोटो काढलाय."

"फोटो खरा आहे," मास्तर कसेबसे म्हणाले.

"फोटोतला नवरा तर सहा वर्षांत पळून गेला. म्हटलं, दगड तरी खरा असेल!" तिचा आवाज चढत होता. "आणि चेटकिणीचा बुरुज?"

"पाईप वाळवायचा."

"ते मला ठाऊक आहे, माझाच भाऊ वाळवायचा. मला वाटायचं, चेटकिणीच्या जागेवर बांधला असेल! दुसरीत होते मी, वही हरवली म्हणून खोटं बोलले, तर तुम्ही हातावर छडी मारली होतीत. रात्रभर हात उशाखाली घेऊन निजले मी. आणि मास्तर, तुम्ही?"

मास्तरांना फार लाज वाटली, इतक्या वर्षांची साठलेली सगळी एकदम. मान खाली घालून ते म्हणाले, "तुझ्या आईने सांगितलं ते खरं. त्याहून जास्त मला काही माहीत नाही."

"हे सांगायला एवढा डोंगर चढलात? हे मला घरबसल्या माहीत होतं." ती उठली. "ताक संपवा आणि निघा. अंधार पडायच्या आत फाटकाशी पोहोचा, नाहीतर यंदा दोन मेले म्हणायची पाळी यायची."

खाली आल्यावर मास्तरांनी मेयरला एका वाक्यात सांगितलं की जमलं नाही. मेयरने नऊ दिवस त्यांच्याशी अबोला धरला. बँडला सूचना गेली की गाई आल्या की जास्त जोरात वाजवा, म्हणजे कोणाचं लक्ष जाणार नाही.

उत्सवाच्या दिवशी चौक तुडुंब भरला होता. 'सांबर'वाल्याच्या सहा गाई मुकुट घालून येऊन गेल्या, पाचव्या गाईने ठरल्याप्रमाणे बसकण मारली, टाळ्या पडल्या. मंत्रीणबाईंनी सातशे वर्षांचं भाषण केलं आणि त्यात सम्राट दोनदा दगडावर बसला. आणि मग पुलाच्या वळणावर बुर्गलचा कळप आला.

सत्तावीस बोडकी डोकी. घंटांचा आवाज नाही, नुसते खुरांचे आवाज. पुढे गाय नव्हती; बुर्गल स्वतः चालत होती, काळा रुमाल बांधून, खांद्यावर हर्मिनेची गवत कोंबलेली घंटा. बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली खरी, पण तेही टाउफेनाखचेच होते. तुतारीवाल्याने तुतारी खाली घेतली, मग ढोलवाल्याने काठ्या काखेत धरल्या, आणि एकेक करत सगळ्यांनी टोप्या काढल्या. गावच्या म्हाताऱ्या माणसांनी काढल्या. सरतेशेवटी मेयरनेही काढली.

पाहुण्यांना आधी काही कळलंच नाही. एकाने शेजारच्याला विचारलं, "गाई कधी येणार?" तेव्हा त्याच्या नाकासमोरून सातवी गाय चालली होती. मग कुणीतरी कुणाला समजावलं, ते पुढे पुढे सरकत गेलं, आणि चौदा बसगाड्यांची माणसं चिडीचूप झाली. एक बाई हुंदका देऊन रडली. तिचं बघून आणखी चार रडल्या. मास्तर प्लेगच्या स्तंभाला टेकून उभे होते, त्यांचेही डोळे भरले. बुर्गलने जाताना त्यांच्याकडे पाहिलं नाही.

लाडुर्नरबाईंच्या डोळ्यांतही पाणी होतं. मास्तरांना ते दुःखाचं वाटलं. पण बाई पाणी पुसून फोन वर धरून शेवटच्या गाईपर्यंत सगळं टिपत होत्या, आणि सोमवारपर्यंत ती चित्रफीत तिकडच्या तीन देशांनी पाहिली.

मंगळवारी मेयर मास्तरांच्या घरी केक घेऊन आला. "मास्तर, तुम्ही वर जाऊन काय सांगितलंत ते मला माहीत नाही, पण काम फत्ते केलंत! मुकुटवाल्या गाई तर दरीतल्या प्रत्येक गावाकडे आहेत. बोडक्या कुणाकडे आहेत, सांगा? उंटरमोसकडे आहेत?"

पुढच्या वर्षी माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत आलं: 'टाउफेनाखची मूक उतरण. आल्प्समधली एकमेव.' इतिहासाचा मजकूर मास्तरांनी द्यायला नकार दिला, तर लाडुर्नरबाईंनी स्वतःच लिहिला. त्यात एक गुराख्याची तरुण पत्नी होती, एक हिमकडा होता आणि सात शतकं न मोडलेला नवस होता. मास्तरांनी तो वाचला आणि त्यांना चक्क मत्सर वाटला, इतका तो छान जमला होता. बेकरीने काळ्या चॉकलेटचा 'हर्मिने' नावाचा केक काढला. खानावळींच्या बिअरच्या पेल्यांना काळ्या फिती लागल्या. टोप्या केव्हा काढायच्या ते कर्ण्यावरून सांगायचं ठरलं. बावीस बसगाड्यांची नोंदणी झाली.

फक्त एकच अडचण झाली. सप्टेंबर उजाडला आणि बुर्गलच्या कळपात कोणीही मेलं नव्हतं.

मेयरने रोज फोन करून चौकशी केली. एकीचा खूर दुखत होता, त्याने आशेने पशुवैद्य पाठवला, तर पशुवैद्याने तो बरा केला. शेवटी उत्सवाच्या आठवडाभर आधी तो आणि लाडुर्नरबाई वर निघाले आणि मास्तरांनाही ओढून घेऊन गेले. बुर्गलने वर्षभर मास्तरांना रस्त्यात ओळख दिली नव्हती. आताही तिने तिघांना दारातच उभं केलं. तिच्यामागे भिंतभर मुकुट टांगले होते, नवे, लालभडक.

"अठ्ठावीसच्या अठ्ठावीस?" मेयरने विचारलं.

"अठ्ठावीस. एक कालवड वाढली, ती धरून."

"छान छान. आनंदच आहे." मेयरने घाम पुसला. "बुर्गल, मुकुट यंदा राहू दे. तशाच आण. गेल्या वर्षीसारख्या."

"कोण मेलंय?"

"तसं कोणी नाही. पण हर्मिनेची आठवण म्हणून..."

"हर्मिनेचा शोक झाला. रीतीप्रमाणे झाला. कोणी मेलं नसताना गाई बोडक्या आणायच्या म्हणजे अभद्रपणा आहे, कायेटान. उद्या तुझ्या दारावर मी काळी फीत लावली तर चालेल?"

लाडुर्नरबाई हसत पुढे झाल्या. "तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण कळपात काही फार म्हातारी जनावरं असतील ना? म्हणजे, जी तशीही आता... नैसर्गिकरीत्या..."

"एखादीच," मेयर जमिनीकडे बघत पुटपुटला. "उगाच आपलं विचारतोय. घळ तर जवळच आहे."

बुर्गलने त्याच्याकडे पाहिलं. शाळेत तिच्याच बाकावर बसलेला माणूस होता तो.

"आहे ना एक म्हातारी," ती म्हणाली. "ही काय, तुझ्यासमोर उभी आहे. घरातलं माणूस गेलं तरी गाई बोडक्याच येतात, रीत आहे. चल, ढकल मला. बाईंना फोन वर धरू दे."

मेयरच्या तोंडचं पाणी पळालं. तो मास्तरांकडे वळला. "मास्तर, तुम्ही सांगा ना हिला! काहीतरी आठवा!"

"मला आठवतं ते सगळं मीच बनवलेलं असतं, कायेटान," मास्तर म्हणाले. "हिला माहीत आहे ते खरं. मुकुट बांधायचे. आणि तुझ्या बावीस बसगाड्यांना मी स्वतः सांगेन."

बुर्गल आत गेली. बाहेर आली ती ताकाचा एकच पेला घेऊन, आणि तो तिने मास्तरांच्या हातात दिला. दुसऱ्या दोघांना तिने काही विचारलं नाही.

उत्सवाच्या दिवशी बावीस बसगाड्यांतून काळे कपडे घातलेली माणसं उतरली. पुरुषांनी काढण्यासाठी म्हणून मुद्दाम टोप्या घातल्या होत्या. बायकांच्या हातात घडी केलेले रुमाल होते. आणि पुलाच्या वळणावरून घंटांचा असा काही गदारोळ उठला की 'सांबर'वाल्याची पाचवी गाय बसलेली उठून उभी राहिली. अठ्ठावीस मुकुट, अठ्ठावीस आरसे उन्हात चमकत चौकात आले. कालवडीचा मुकुट तिच्या डोळ्यावर आला होता आणि ती दर चार पावलांनी उडी मारत होती. गावची माणसं ओरडत होती, हसत होती, बुर्गलच्या हातात बिअरचे पेले देत होती. काळ्या फिती कोणीतरी आधीच उपटून टाकल्या होत्या.

पाहुणे गप्प उभे होते. मास्तर शब्द दिल्याप्रमाणे बसगाड्यांच्या रांगेशी जाऊन उभे राहिले. काळी टोपी घातलेली एक वयस्क बाई रुमाल मुठीत चुरगाळत त्यांच्याजवळ आली.

"माफ करा, तुम्ही इथलेच ना? हे काय चाललंय? मेलं कोण?"

"कोणीच नाही, बाई." मास्तरांचा चेहरा फुलला होता. "यंदा कोणी मेलं नाही. सगळ्या जिवंत परत आल्या. म्हणून तर मुकुट."

"एकही नाही?"

"एकही नाही. शपथेवर सांगतो."

बाईने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. मग मागे उभ्या असलेल्या नवऱ्याला ती म्हणाली, "चल रे. पाच तास प्रवास करून यायचं, आणि हे लोक तोंडाला येईल ते खोटं सांगतात."